गाडी पोचवून परतताना

ज्या उद्योगात माणूस जाताना लाखो रुपयांच्या नव्याकोऱ्या वाहनाचे स्टिअरिंग हाती धरून ऐटीत जातो आणि येताना खांद्याला पिशवी अडकवून रस्त्याच्या कडेला हात दाखवीत उभा राहतो, असा उद्योग बहुधा एकच असावा. आणि तो म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली मालमोटार, बसची चेसिस अगर ट्रॅक्टर स्वतः चालवीत नेऊन विक्रेत्याच्या किंवा बॉडी बांधणाऱ्याच्या दारात उभा करणे. सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्या दरम्यान, नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर वसलेले असल्यामुळे अशा गाड्या येथील लोकांच्या नजरेखालून वर्षानुवर्षे गेलेल्या आहेत. गावचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडल्यानंतर सोयाबीन-कपाशीच्या हंगामाबाहेर ज्यांच्या हातांना काम उरत नाही, परंतु गाडी चालविण्याचा परवाना मात्र खिशात आहे, अशा तरुणांनी या धंद्यात उतरावे की न उतरावे, उतरल्यास कोणत्या शर्तींवर, आणि विशेषतः परतीच्या वाटेचा हिशेब कसा मांडावा, एवढ्याच मर्यादित हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे.

प्रथम काम कोठे मिळते ते पाहू. १९४५ साली स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये जमशेदपूरला मालमोटारी बनविण्यास आरंभ केला आणि पुढच्या दशकात पिंपरीला आपला दुसरा संसार थाटला, तेव्हापासून महाराष्ट्रात या कामाला तोटा नाही. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यातून मालमोटारी व बसच्या चेसिस, नागपूरजवळच्या हिंगण्याहून ट्रॅक्टर, मध्य प्रदेशातील पिथमपूरहून आयशरच्या गाड्या आणि तमिळनाडूतील होसूरहून लेलँडची वाहने चारी दिशांना पांगतात. मोटारगाड्या व दुचाक्या ट्रेलरवर चढवून, किंवा हल्ली रेल्वेच्या वाघिणींतूनही जातात. परंतु जे वाहन स्वतःच ट्रेलरच्या आकाराचे आहे त्याला त्याच्याच चाकांवर धाडणे स्वस्त पडते, आणि त्या स्वस्ताईतच आपल्या चालकाची भाकरी आहे. कारखाने हे काम सहसा आपल्या अंगावर घेत नाहीत. ते कंत्राटदाराकडे सोपवितात, आणि कंत्राटदार खेपेगणिक माणूस उभा करतो. म्हणून नोकरी शोधणाऱ्याने कारखान्याच्या मुख्य दरवाजाशी घुटमळण्यापेक्षा ज्या आवारात तयार गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात तेथील कंत्राटदाराच्या मुनशीची ओळख करून घ्यावी, आणि ती ओळख त्याच कामावर असलेल्या गाववाल्यामार्फत झाली तर अधिक बरे.

परवान्याचा मामला थोडक्यात उरकतो. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यास वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, हलक्या वाहनाचा परवाना हाती पडून एक वर्ष लोटलेले असावे लागते, आणि आठवी उत्तीर्ण असण्याची पूर्वीची अट २०१९ साली उठली आहे. जड वाहनाचा परवाना नसलेल्यांनीही निराश होऊ नये. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या वाहनांस हलक्या वाहनाचाच परवाना पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निःसंदिग्धपणे सांगून टाकल्यामुळे छोटा हत्ती आणि त्याच्या भाईबंदांना पोचविण्याचे काम त्यांनाही करता येते.

त्याहून गहन प्रश्न आहे तो आपण कोणाचे नोकर, हा. जमशेदपूरच्या टेल्कोच्या गाड्या पोचविणाऱ्या चालकांनी आम्ही कंपनीचेच कामगार आहोत, आम्हांस कायम करा, अशी मागणी केली. त्यांच्यात व कंपनीत मालक-नोकराचे नातेच नाही, असे म्हणून बिहार सरकारने तो तंटा लवादाकडे धाडण्याचे नाकारले. आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर १९८९ साली न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, नाते आहे की नाही हाच जेथे वादाचा विषय आहे तेथे सरकारने स्वतः न्यायाधीश होऊन बसू नये, तंटा लवादाकडे सोपवावा. हा निकाल चालकांना कायम करणारा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. त्याने फक्त दाद मागण्याचा दरवाजा उघडा केला. या घटनेतून आपण घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. नाते सिद्ध करण्याची पाळी जेव्हा येते तेव्हा तोंडी शब्दाचे मोल शून्य असते. म्हणून खेपेचा कागद, आगाऊ दिलेल्या रकमेची नोंद आणि कंत्राटदाराने दिलेले ओळखपत्र ही तीन चिटोरी, कितीही मळली तरी, फेकू नयेत. शक्य असल्यास खेपेच्या कागदावर गाडी पोचविण्याची तारीखच नव्हे तर परतण्याची तारीखही लिहवून घ्यावी. नुकसानभरपाईच्या कायद्यान्वये नोकरीच्या ओघात झालेल्या इजेची भरपाई मिळते खरी, परंतु परतीच्या वाटेवर दुसऱ्याच्या गाडीत झालेली इजा नोकरीच्या ओघात मोडते की नाही, यावर वकील मंडळी दोन्ही बाजूंनी तास तास बोलू शकतात. अशा वेळी परतीचा प्रवास हा कामाचाच भाग होता असे दर्शविणारी एक ओळ पुष्कळ काम करून जाते.

गाडीचा ताबा घेताना घाई करणारा चालक पुढे स्वतःच्या खिशातून भरतो. किल्ली हाती आली की प्रथम चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक कागदाशी अक्षरशः अंक अंक ताडून पाहावा, कारण एकसारख्या गाड्यांच्या रांगेत शेजारची गाडी घेऊन निघणे वाटते तितके अशक्य नसते. मग जॅक, पान्हा, टूलची पिशवी, स्टेपनी, आरसे, बॅटऱ्या आणि दिव्यांच्या काचा पाहाव्यात. जे नाही ते ‘नाही’ म्हणून ताबा पावतीवर लिहून मुनशीची सही घ्यावी आणि जेथे ओरखडा आहे त्याचा फोटो वेळेच्या नोंदीसह मोबाइलवर काढून ठेवावा. नव्या गाड्यांत डिझेलच्या टाकीखेरीज, ज्याला चालक सरसकट ‘युरिया’ म्हणतात, त्या द्रवाची एक लहान टाकी असते. ती रिकामी राहिली तर गाडीचा जोर आपोआप घटतो आणि भर घाटात ती बैलासारखी अडते, म्हणून तिचा काटाही पाहून घ्यावा. कागदपत्रांत विक्रीचे बीजक, गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा दाखला, विमा, आणि तात्पुरत्या नोंदणीचा किंवा व्यापारी प्रमाणपत्राचा कागद ही मुख्य होत. तात्पुरत्या नोंदणीची पाटी पिवळी व अक्षरे तांबडी, तर व्यापारी प्रमाणपत्राची पाटी तांबडी व अक्षरे पांढरी. पाटी एका रंगाची आणि कागद दुसऱ्या प्रकारचा असे आढळल्यास आवाराबाहेर चाक काढू नये. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालते. तेव्हा वाटेत बहिणीच्या गावी मुक्काम करण्याची तजवीज मनात असेल तर मुदतीचाही विचार करावा.

केबिन असलेली गाडी मिळाली तर उत्तम. परंतु पुष्कळदा मिळतो तो नुसता काउल, म्हणजे पुढे इंजिन, स्टिअरिंग, काही मीटर आणि मागे लांबच लांब उघडी नागडी चौकट. समोर काच नाही, डोक्यावर छप्पर नाही, बाजूला दार नाही. त्या बैठकीवर ज्येष्ठातले ऊन, श्रावणातली सर आणि पौषातली पहाट यांतील प्रत्येकाचा स्वाद स्वतंत्र असतो. डोळ्यांस चोहोकडून बंद असलेला चष्मा, नाका-तोंडावरून मानेपर्यंत घट्ट गुंडाळलेला सुती रुमाल, कानटोपी, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधलेले कागद, हा त्याचा गणवेश होय. पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उडणारा खडा बंदुकीच्या छर्ऱ्यासारखा येतो, म्हणून तिच्या मागे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर राखावे, आणि संध्याकाळी दिवे लागल्यानंतर किडे तोंडावर आदळू लागले म्हणजे तो मुक्काम करण्याचा इशारा समजावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. उघड्या काउलवर बसलेल्या इसमाला वातानुकूलन निसर्गाकडून फुकट मिळतच होते, एवढेच यावर म्हणता येईल.

वाटेत कोणास बसवून घेऊ नये. जो माणूस स्वतः परक्याच्या गाडीत बसून घरी येतो त्याने कोणास आपल्या गाडीत घेऊ नये, हे ऐकावयास कृतघ्नपणाचे वाटेल. तथापि नवी गाडी प्रवासी नेण्यासाठी सोपविलेली नसते, अपघात झाल्यास विमा कंपनी त्या प्रवाशाकडे पाहत नाही, आणि शंभर-दोनशे रुपयांची सवारी कंत्राटदाराच्या कानावर गेली तर पुढची खेप मिळत नाही. डिझेलबद्दलही हाच न्याय. काटकसरीने चालवून वाचविलेले डिझेल शिरस्त्याप्रमाणे चालकाचे असेल तर ते त्याने अवश्य घ्यावे, परंतु टाकीतून नळी लावून विकलेले डिझेल ही निव्वळ चोरी होय. गाडी पोचली की ज्याला या धंद्यात ‘पोच’ म्हणतात ती सही-शिक्क्यानिशी आणि वेळेनिशी घ्यावी, तिचा फोटो त्याच ठिकाणाहून मुनशीस पाठवावा, आणि मगच चहा घ्यावा.

येथवरचे सर्व काम कोणताही सावध चालक थोड्याच दिवसांत शिकतो. खरी पंचाईत सुरू होते ती पोच खिशात घातल्यावर, आणि तिच्याकडे माणसे फारसे लक्ष देत नाहीत. कंत्राटदार परतीच्या भाड्याची ठराविक रक्कम बहुधा खेपेच्या मोबदल्यातच धरून देतो. एसटीने किंवा रेल्वेने आले तर ती खर्च होते, कोणाच्या गाडीत फुकट आले तर ती वाचते. या वाचणाऱ्या रकमेसाठीच आपला चालक रस्त्यावर हात दाखवीत उभा असतो. परंतु समजा परतीचे ८०० रुपये हाती आहेत आणि ते वाचविण्यापायी एक दिवस रस्त्यावर गेला, तर ज्या दिवशी दुसरी खेप मिळाली असती तो दिवस आपण ८०० रुपयांना विकला असे होते. शिवाय ढाब्यावरची दोन जेवणे त्यातून वजा करावी लागतात. माझ्या मते साधा दंडक असा असावा की, दिवसाउजेडी घर गाठता येईल एवढ्या अंतरासाठी लिफ्ट शोधावी, आणि रात्र मध्ये पडणार असेल तर निमूटपणे तिकीट काढावे. रात्री झोप न घेता आलेला चालक सकाळी दुसऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसणार असतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाचा विसावा ठरवून दिला होता. परतीच्या प्रवासाचे जागरण त्या आठ तासांत कोणी धरीत नाही, परंतु डोळ्यांच्या पापण्या ते धरतात.

समृद्धी महामार्गाने या भागातील हिशेब बदलून टाकला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ रोजी थेट आमण्यापर्यंत खुला झालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता दुसरबीडच्या जवळून जातो खरा, परंतु लांब पल्ल्याच्या गाड्या त्यावर गेल्यामुळे जुन्या रस्त्यावर आता जालना, मेहकर, लोणार अशा जवळपासच्याच गाड्या अधिक. समृद्धीवर पायी जाणे किंवा उभे राहून गाडी थांबविणे हे बेकायदा आहेच, शिवाय जीवघेणे आहे; ताशी शंभराहून अधिक वेगाने येणारा चालक आपल्याला पाहून थांबेपर्यंत पुढचे गाव आलेले असते. म्हणून महामार्गावर चढणारा जोडरस्ता जुन्या रस्त्याला जेथे मिळतो, टोलनाक्याच्या पुष्कळ अलीकडे, तेथे उभे राहावे. इंग्लंडात हाच धंदा करणारे चालक आपल्या व्यापारी पाट्या, पांढऱ्यावर तांबड्या अक्षरांच्या, हातात उंच धरून महामार्गाच्या चढावाच्या तोंडाशी उभे राहतात, आणि ती पाटी पाहून जुने जाणते चालक गाडी थांबवितात. आपल्याकडे तशी खूण रूढ नाही. ओळखपत्र सदऱ्यावर दिसेल असे लावणे आणि पिशवी एकच ठेवणे, एवढे तरी करता येते.

वास्तविक धावत्या गाडीला हात दाखविण्यापेक्षा उभ्या गाडीच्या चालकाशी बोलणे केव्हाही श्रेयस्कर. पेट्रोलपंप, पंक्चरचे दुकान, ढाब्याचे आवार ही त्याची ठिकाणे. मालकाने बसविलेल्या जीपीएसमुळे वाटेत अकारण थांबलेल्या गाडीचा जाब चालकास द्यावा लागतो, हे समजून घेतले म्हणजे कोणी न थांबल्याचा राग येत नाही. “दादा, चेसिस सोडून आलो, सिंदखेडराजापर्यंत येऊ का?” एवढे वाक्य पुरे होते, आपण त्याच पेशातले आहोत हे पहिल्या चार शब्दांतच कळले पाहिजे. केबिनमध्ये बसल्यावर चपला बाहेर झटकाव्यात, देवाच्या तसबिरीखालच्या फळीवर पाय ठेवू नयेत, चालकाचा मोबाइल वाजला तर आपण मान वळवावी, आणि झोपू नये. उतरताना चहाचे पैसे पुढे करावेत. तो घेणार नाही म्हणाला तर पुढच्या ढाब्यावर त्याच्या आधी उठून गल्ल्यावर देऊन मोकळे व्हावे. दोघे-तिघे मिळून परतत असल्यास वेगवेगळे व्हावे, कारण एका माणसासाठी उघडणारे दार तिघांसाठी उघडत नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहिला ती. मालमोटारीच्या केबिनमध्ये फुकट बसलेल्या माणसाला त्या गाडीच्या विम्याचे संरक्षण नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना ते मिळाले, परंतु अन्य प्रवाशाबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात २००२ च्या डिसेंबरात ठरविले, आणि तेव्हापासून मालमोटारीतल्या पाहुण्याच्या घरच्यांना भरपाई मागावयाची तर बहुधा मालकाच्याच दाराशी जावे लागते, आणि मालक एका जुन्या गाडीचा धनी असला तर तेथे मिळण्यासारखे फार थोडे असते. खासगी मोटारीचा पॅकेज विमा असेल तर आत बसलेल्यांचा त्यात समावेश होतो. केवळ कायद्यापुरता विमा उतरविलेला असल्यास होत नाही. लिफ्ट मागताना कोणी विम्याचा कागद दाखवा म्हणणार नाही, हे मलाही समजते. म्हणूनच उपाय आपल्या बाजूने करावयाचा असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या कोणाही बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वास २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वास १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि त्यात आपण कोणाच्या गाडीत कशासाठी बसलो होतो हा प्रश्न येत नाही. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या सुमारास खाते रिकामे असले तर संरक्षण गेले, आणि लग्नसराईच्या खर्चानंतर नेमके त्याच सुमारास खाते रिकामे असते, ही या योजनेची खरी मेख आहे.

लादलेल्या मालावर मात्र कोणत्याही परिस्थितीत बसू नये. केबिनमध्ये जागा नसेल तर गाडी सोडून द्यावी. २० ऑगस्ट २०२१ रोजी दुसरबीडजवळच्या तढेगाव शिवारात समृद्धीच्याच कामावरील मजूर लोखंडी सळ्या लादलेल्या टिप्परवर बसून जात असता तो उलटला आणि सळ्यांखाली सापडून १३ जण मृत्युमुखी पडले. या गावच्या माणसाला ते निराळे सांगण्याची गरज नसावी, तरीही पाऊस सुरू असतो, अंधार पडत आलेला असतो, समोरची गाडी थांबते आणि चालक म्हणतो, “बस वर, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे”. त्या क्षणी नाही म्हणणे अवघड जाते. ते सोपे जावे म्हणून शेवटच्या टप्प्याचे भाडे खिशाच्या वेगळ्या कप्प्यात, मोडून न खाता, राखून ठेवण्याची पद्धत बरी. तालुक्याला रेल्वे नाही, खामगाव–जालना लोहमार्ग अद्याप प्रत्यक्षात उतरलेला नाही. म्हणून जालना हेच आपले स्टेशन, आणि तेथून दुसरबीडपर्यंत एसटी किंवा काळी-पिवळी. जालन्यात रात्री उशिरा उतरलात तर स्टेशनातच पहाटेपर्यंत थांबा. पोच, ताबा पावती व खेपेचा कागद पिशवीत ठेवू नका, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा, कारण झोपलेल्या माणसाची पिशवी जाते, सदरा सहसा जात नाही. आणि घरी पोचल्यावर अंघोळीआधी त्या कागदांचे फोटो मुनशीला पुन्हा एकदा पाठवून बाकीची रक्कम कोणत्या तारखेला जमा होणार, ते त्याच्याकडून लेखी विचारून घ्या.